बिनपावडरीच्या गुळाचा रंग

माझ्या फिल्मचा पहिला तुकडा घरच्यांशिवाय ज्या एका बाईंनी पाहिला, त्यांनी तो पाहून लगेच मामांना फोन केला आणि विचारलं, "तुम्ही पुन्हा गुळात पावडर टाकायला लागलात का?"

मामांचं यवतच्या अलीकडे गुऱ्हाळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पावडर टाकणं बंद केलं. ही पावडर उकळत्या रसात टाकली की रंग कापला जातो आणि गूळ पिवळाधमक निघतो. बाजारात लोक डोळ्यांनी गूळ घेतात, त्यामुळे पिवळ्यालाच गिऱ्हाईक असतं. मामांचा गूळ आता काळपट तांबडा निघतो. आडतीवर तो बघून लोक "करपला का हो?" असं विचारतात. पुण्यात या बाईंचं बिनभेसळीच्या किराण्याचं दुकान आहे आणि मामांचा बहुतेक गूळ त्याच नेतात. एकदा जेवताना मामा अगदी साधेपणाने म्हणाले होते, "त्या म्याडम हायेत म्हणून चाललंय. त्यांनी हात काढला तर परत पावडरीचा डबा उघडायचा, न्हाईतर चूल इझवायची." हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे करायचं ते केलं, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात फिल्म शिकते. घर शिरूरला. वडील रांजणगावच्या एका कंपनीत आहेत, आणि मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. आजोळी गेले की मामी आल्यागेल्याला सांगायची, "हिला एकोणसाठ म्हणून सांगा, ही फिफ्टीनाइन का सिक्स्टीनाइन ते इचारती." सगळे हसायचे. त्यामुळे असेल किंवा स्वभावच असेल, मी आजोळी कमी बोलून जास्त बघत आले. कॉलेजातही तेच झालं. शूटिंगच्या वेळी वीस जण एकमेकांवर ओरडत असतात आणि मला कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी "काही नाही" हेच निघतं.

मग दुसऱ्या वर्षी आम्हाला कलर ग्रेडिंग शिकवायला लागले. आमचा कॅमेरा मुद्दाम फिकं चित्र टिपतो. सगळं राखाडी, खूप वेळा धुतलेल्या साडीसारखं दिसतं. नंतर कॉम्प्युटरवर एकेक शॉट घेऊन त्यात रंग आणायचा, सावली किती गडद, उजेड किती पिवळा ते ठरवायचं आणि शेजारशेजारचे शॉट एकमेकांशी जुळवायचे. हे काम एकटीने करायचं असतं. तिथे कुणी ओरडत नाही. पहिल्याच महिन्यात सर माझ्या मागे उभे राहून वर्गाला म्हणाले, "हिची नजर चांगली आहे." बाकीच्यांना ते वाक्य आठवतही नसेल. मी मात्र ते बरेच महिने खिशात घेऊन फिरत होते.

सत्राच्या शेवटी दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. शूटिंग, जोडणी, रंग, सगळं स्वतः. मी गुऱ्हाळ घेतलं. तिथे फार काही बघण्यासारखं आहे असं मी अर्जात लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. पण मुख्य कारण असं की तिथे मला अनोळखी माणसांची परवानगी मागावी लागणार नव्हती.

जानेवारीत तीन दिवस शूट केलं. सकाळी रस काढायला सुरुवात होते आणि नऊपर्यंत मोठ्या काहिलीत तो उकळायला लागतो. वाफ इतकी की समोरचा माणूस मध्येच दिसेनासा होतो. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारायला उत्तर प्रदेशातले दोघे भाऊ आहेत. काहिलीवर आप्पा असतात. आप्पा गुळव्या आहेत, म्हणजे पाक कधी उतरवायचा हे तेच ठरवतात, आणि ते ठरवेपर्यंत मामाही मध्ये बोलत नाहीत. मी कॅमेरा लावला तेव्हा आप्पा म्हणाले, "मला नगं घिऊ. हात घे. काम हात करतोय."

मला ते फारच पटलं. तीन दिवस मी आप्पांचे हात घेतले, मधूनमधून मामी, मामा आणि ते भाऊ.

शिरूरला परत येऊन आठवडाभर रंगावर बसले. आई चहा ठेवून जायची, मी तो गार झाल्यावर प्यायचे. वाफ मी किंचित निळी केली. चुलीचा जाळ केशरी केला. आणि गूळ सोनेरी. साच्यातून ढेप निघते तो शॉट तर मी चाळीस वेळा तरी बघितला असेल. ढेपेच्या कडेला उजेड असा लागत होता की ती आतून पेटल्यासारखी दिसत होती. हा रंग मी कुठून तरी उचललेला नव्हता. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलं की आप्पा उसाच्या कांडक्याला गरम गूळ गुंडाळून द्यायचे, तो गूळ असाच होता. मी आठवणीशी ताडून ताडून रंग जुळवला होता. त्यामुळे तो बरोबर आहे याबद्दल मला शंकाच नव्हती.

दोन मिनिटांचा तुकडा मी घरच्या ग्रुपवर टाकला. मी ग्रुपवर सहसा वाढदिवसालाही काही टाकत नाही, म्हणून सगळ्यांनी दखल घेतली. मामीने आवाज पाठवला: "अगं बाई, मी केवढी गोरी दिसतीया. हाच फोटू लावते आता." आईने अंगठा पाठवला. आणि मामांनी, भाचीचं कौतुक म्हणून, तो पुण्याच्या मॅडमना पुढे पाठवला. 'आपल्या गुऱ्हाळाची फिल्म. भाचीने केली.'

संध्याकाळी मामांचा फोन आला. मला मामा सहसा फोन करत नाहीत, आईला करतात.

"त्या तुझ्या पिच्चरमधी गूळ पिवळा कसा काय दिसतोय?"

"मी केला मामा."

"तू केला म्हंजी?"

मी सांगायला लागले. कॅमेरा फिकं चित्र घेतो, मग कॉम्प्युटरवर रंग वाढवता येतात, कमी करता येतात, आणि मला वाटलं की… मामांनी सगळं ऐकून घेतलं. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "उद्या ये. बघू काय ते."

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला आणि तिथून यवत. एसटीत लॅपटॉपची आणि कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन मी बसले होते आणि काय बोलायचं याची मनात तालीम करत होते. इंग्रजीत मी चटकन सॉरी म्हणते, बसचा धक्का लागला तरी म्हणते. पण मामांना सॉरी म्हणणं म्हणजे कागद पुढे सरकवून निघून जाण्यासारखं वाटत होतं. 'चुकलं माझं' म्हणायचं तर समोरच्याकडे बघावं लागतं. चौफुल्याला उतरेपर्यंत मी ते बहुतेक साठ वेळा मनात म्हटलं होतं, आणि गुऱ्हाळात पोचल्यावर मामांनी आधी "जेवलीस का?" विचारलं, त्यामुळे ते राहूनच गेलं.

आप्पा नुकतेच एक काहील उतरवून बाजेवर बसले होते. मामांनी त्यांच्यासमोर फोन धरला. "आप्पा, हे बघा."

आप्पांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ घेतला. ढेप निघाल्यावर म्हणाले, "ही आपली न्हाई."

"आपलीच हाय. हा हात कुणाचा?"

"हात माझा हाय. ढेप माझी न्हाई." त्यांनी पुन्हा बघितलं. "दोन मुठी पावडर पडलीय हिच्यात. जास्तच. एवढी आपण कवा टाकत नव्हतो."

मी कॉम्प्युटरवर गूळ किती उजळला त्याचे आकडे माझ्याकडे होते. आप्पांनी ते मुठींत सांगितले. मामा हसले, आणि मग मलाही थोडं हसू आलं.

"पोरीनं कॉम्प्युटरमधनं पावडर टाकली म्हणा की," आप्पा म्हणाले.

"पण आप्पा," मी म्हटलं, "मी लहान असताना इथे असाच पाहिलाय. तुम्ही मला कांडक्यावर द्यायचात तो. तो पिवळाच होता. मला नक्की आठवतंय."

आप्पांनी मामांकडे बघितलं. मामा पायाने चिपाडाचा चुरा बाजूला करायला लागले.

"बराबर आठवतंय तुला," आप्पा म्हणाले. "तवा टाकत होतो. मीच टाकायचो. आन् तू चाटूनपुसून खायचीस."

कितीतरी वेळ मी हेच धरून बसले होते की माझं दुसरं काहीही चुकलं असेल, पण आठवण खरी आहे. आणि ती खरीच होती. मी चाळीस वेळा बघून, रंगांचा आलेख दाखवणारा स्कोप लावून, अगदी अचूक जुळवला होता तो पावडरीचा रंग. माझ्या डोक्यात गूळ म्हणून जो रंग बसला होता, त्याच्यात आधीच कुणीतरी मूठ टाकलेली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. ते तेव्हा आपोआप निघालं.

"तुझं काय चुकलं," मामा म्हणाले. "दुरुस्त होतंय का सांग."

मी चुलवाणाच्या जवळच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला, कारण प्लगची जागा तिथेच होती. गूळ निवडून त्याचा उजळपणा कमी करायला घेतला, पिवळा काढला, तांबडा वाढवला. ढेप काळवंडली, पण तिच्यासोबत सगळी माणसंही काळवंडली. आमच्याकडच्या माणसांच्या कातडीचा रंग आणि गुळाचा रंग स्कोपवर जवळजवळ एकाच रेघेवर पडतात. कॉम्प्युटरला त्यातला फरक कळत नाही. गूळ उजळला होता तेव्हा मामी गोरी झाली होती, ते यामुळेच. आता मामी मागे येऊन उभी होती.

"मला का काळी केलीस? गूळ पिवळा झाला तर मला शिक्षा?"

"थांब मामी, तुला वेगळं करते."

"कर बाई. मला त्या गुळातनं काढ आधी."

मग एकेक माणूस वेगळं करत गेले. शॉटमधल्या चेहऱ्याभोवती रेघ ओढायची, माणूस हलला की ती रेघ त्याच्याबरोबर हलवायची. मामीचा चेहरा तिचा होता तसा ठेवला. उन्हात राबलेला, गालांवर वाफेने आलेली लाली. मामी बराच वेळ बघत राहिली.

"अशी दिसते मी?"

"हो."

"बरं हाय की," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

तेवढ्यात आप्पा आले. "हितं बसून काय बघतीस? चुलीपाशी बसून रंग बघू नगं. जाळाच्या उजेडात समदंच चांगलं दिसतंय."

आणि मग मला तीन दिवस शूट करूनही न दिसलेली गोष्ट दिसली. आप्पा पाक काहिलीवरच पारखतात, पण रंग कधीच शेडमध्ये पारखत नाहीत. ते निवलेल्या ढेपेचा तुकडा मोडतात, पांढऱ्या बशीत ठेवतात, बाहेर कडुलिंबाच्या सावलीत जातात, उन्हाकडे पाठ करून उभे राहतात आणि तुटलेली बाजू बघतात. वरची बाजू नाही, तुटलेली. दर काहिलीला हे करतात. माझ्या शॉट्समध्ये ते बशी घेऊन फ्रेमबाहेर जाताना चार वेळा दिसतात. प्रत्येक वेळी मी तिथे कट मारला होता. मला वाटलं, चहाला चालले असतील.

मीही लॅपटॉप घेऊन लिंबाखाली गेले. पण तिथे उजेडाने पडदाच दिसेना. मग मामांनी ढेपा भरायचा एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणून दिला. तो आडवा ठेवून त्यात लॅपटॉप सारला आणि मी खोक्यात डोकं घालून बसले. चिपाडं सारणाऱ्या भावांपैकी धाकटा पाणी प्यायला आला आणि खाली वाकून म्हणाला, "मैडम, अंदर पिक्चर चालू है क्या? टिकट कितने का?" मी खोक्यातूनच म्हटलं, "हाउसफुल." तो हसत गेला. मी कुणाला असं चटकन उत्तर दिलं याचं मलाच जरा नवल वाटलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत दोन मिनिटांचा तुकडा पुरा झाला. आप्पांनी बघितला. "आता आपली," म्हणाले.

मामा मॅडमना फोन लावायला लागले. मी म्हटलं, "मी बोलते." हे मी का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. मला फोनवर रिक्षावाल्यालाही पत्ता सांगवत नाही. पण मामांनी बोलायचं म्हणजे माझ्या चुकीबद्दल त्यांनी खुलासा द्यायचा, तो मला ऐकवला नसता.

नवा तुकडा आधी पाठवला आणि मग फोन केला. मॅडमचा आवाज शांत होता. मी सगळं सांगितलं, एकदाच अडखळले. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तू सांगतेस ते मला कळलं. पण एक सांग, आधी तो गूळ तू पिवळा केलास. आता तपकिरीही तूच केलास. यातला कोणता खरा हे मी कशावरून धरू?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

"माझ्याकडे येणारी माणसं माझ्या शब्दावर घेतात गं. मामांना सांग, या आठवड्याचा माल थांबवू या. मी कळवते."

फोन ठेवून मी मामांना सांगितलं, शब्द न बदलता. मामांनी मान हलवली आणि शेडमध्ये रचलेल्या ढेपांकडे बघितलं. मॅडमसाठी काढलेल्या होत्या त्या, कागदात गुंडाळून ठेवलेल्या.

जेवायला बसलो. मामी वाढता वाढता म्हणाली, "तिला काय पाहिजे? गुळाचा रंग तूच केलेला न्हाई हे कळलं पाहिजे, व्हय ना?"

"हो."

"मग हळद ठेव की शेजारी."

"म्हणजे?"

"म्हंजी हळद. हळदीचा रंग तिला ठावं न्हाई का? तू गूळ काळा केलास तर हळद बी काळी पडंल. हळद हळदीवानी दिसली म्हंजी गूळ गुळावानी."

कॉलेजात आमच्याकडे नेमकं याच कामाचं एक कार्ड आहे. त्यावर रंगांचे चौकोन असतात, शूटच्या सुरुवातीला ते कॅमेऱ्यासमोर धरायचं, म्हणजे नंतर रंग कशाशी ताडायचे ते कळतं. ते मिळायला स्टोअरमध्ये जाऊन तिथल्या माणसाशी बोलून फॉर्म भरावा लागतो. तो माणूस जरा खेकसतो. म्हणून मी कार्ड न घेता आले होते. नजर चांगली आहे ना, मग कार्ड कशाला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण तो फॉर्म होता.

मामीने स्टीलचं ताट नको म्हणून पांढरं चिनी मातीचं आणलं. त्यात तिने वाटीत दूध ठेवलं, हळदीचा ढीग, लाल तिखट, कोथिंबिरीच्या दोन काड्या, आणि आत्ताच टाकलेल्या बाजरीच्या भाकरीचा चतकोर. मधे जागा सोडली. मी ते ताट लिंबाच्या सावलीत स्टुलावर ठेवलं, कॅमेरा लावला आणि आप्पांना सांगितलं, "आप्पा, ढेप इथेच फोडा, आणि तुकडा मधल्या जागेत ठेवा. मी मधे कट मारणार नाही."

"तोंड दिसल का?"

"नाही. हात."

आप्पांनी ढेप फोडली, तुकडा उचलला, फिरवून तुटलेली बाजू वर केली आणि ताटात ठेवला. पाऊण मिनिटाचा शॉट झाला. रंग करायला पाचच मिनिटं लागली. दूध पांढरं केलं, कोथिंबीर हिरवी झाली, हळद पिवळी, भाकरी भाकरीसारखी, आणि गुळाला मी हातही न लावता तो आपल्या जागी येऊन बसला. हळदीशेजारी तर माझ्या आधीच्या सोन्याची लाजच वाटली. गूळ भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा दिसत होता, कडेला थोडा चिंचेकडे झुकणारा. आठवडाभर मी जे आठवणीतून खेचून आणत होते ते पाच मिनिटांत ताटात होतं.

मी ताटाचा शॉट पाठवला. खाली काही लिहिलं नाही. तासाभराने मॅडमचा निरोप आला, "शनिवारी येते."

शनिवारपर्यंत मी यवतलाच राहिले. उरलेल्या फिल्मचा रंग नव्याने करायला घेतला. त्या ताटाचे आकडे धरून एकेक शॉट बघत गेले. वाफेतला निळा काढला. वाफ पांढरी निघाली. मामा रोज दोनदा येऊन खोक्यात डोकावायचे, काही न विचारता जायचे. शुक्रवारी मात्र ते म्हणाले, "न्हाई घेतला त्यांनी तर तू मनाला लावून घिऊ नगंस." मी पुढचा शॉट उघडला.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मॅडम आल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा वयाने मोठ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मामांनी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि सरळ शेडमध्ये गेल्या, काहिलीत डोकावल्या, चुलवाणाच्या मागे जाऊन आल्या. डबे ठेवतात त्या फळीवरचा एकेक डबा उघडून पाहिला. चुना, एरंडाचं तेल, आणि एका बादलीत रस साफ करायला भिजत घातलेली भेंडीची झाडं. मामा मागे हात बांधून उभे होते.

आप्पांनी तोवर ढेप फोडून तुकडा बशीत घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं, ती त्यांची रोजचीच वेळ होती. ते बाहेर निघाले तशा मॅडमही त्यांच्या मागे लिंबाखाली आल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, माझा ताटाचा शॉट लावला आणि बशीशेजारी धरला. एकदा फोनकडे, एकदा बशीकडे. आप्पा बशी धरून स्वस्थ उभे.

मग त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळल्या. "तू आधी तो पिवळा का केलास?"

मी सांगितलं. सुट्टी, कांडकं, गरम गूळ, आणि तो गूळ पावडरीचा होता हे मला या मंगळवारी इथे आल्यावरच कळलं ते. बोलताना मी मामांकडे बघितलं नाही, कारण त्यांची जुनी गोष्ट मी त्यांच्या गिऱ्हाइकासमोर उघडी करत होते. पण गाळून सांगितलं असतं तर तेही रंग बदलण्यासारखंच झालं असतं.

मॅडम हसल्या. "आमच्या घरीही पिवळाच यायचा. माझ्या सासूबाई अजून हा गूळ बघून विचारतात, जळका स्वस्तात मिळाला का." मग त्या मामांना म्हणाल्या, "मंगळवारी गाडी पाठवते. ठरल्याप्रमाणे सगळ्या ढेपा द्या."

"व्हय," मामा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मान वळवून त्यांनी एकदा नाक शिंकरलं.

निघताना मॅडमनी गाडीची काच खाली केली. "आत्ता मला सांगितलंस ते तुझ्या फिल्ममध्ये आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

"हात आहेत," मी म्हटलं. "वाफ आहे."

"ते घाल," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

ते घालायचं म्हणजे मामांनी कॅमेऱ्यासमोर सांगायला हवं होतं की आम्ही पावडर टाकत होतो. मी दुपारभर हे विचारायचं टाळलं. शेवटी त्या रिकाम्या खोक्याशेजारी बसून मामा पान लावत होते तेव्हा विचारलं. सांगायचं नसेल तर नका सांगू, हेही म्हटलं.

मामांनी चुना लावला, सुपारी टाकली, पान दुमडलं. "घे," म्हणाले. "लपवायचं काय त्यात. सोडली ना आता." मग जरा थांबून, "सदरा बदलून येऊ का?"

"नको. आहे तोच बरा दिसतोय."

मी त्यांना शेडच्या बाहेर सावलीत बसवलं. ते कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते आणि वाट बघत होते. तेव्हा लक्षात आलं की आता मलाच काहीतरी विचारावं लागेल. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये माझा आवाज कुठेच नव्हता, तो नसावा अशीच मी ती बांधली होती.

"मामा," मी विचारलं, "तुम्ही पावडर का टाकायचात?"

मामा सांगायला लागले. मधे दोनदा हसले, एकदा थांबले. एका मिनिटाने आप्पाही येऊन त्यांच्या शेजारी उकिडवे बसले, तोंडासकट, आणि म्हणाले, "त्याला समदं ठावं न्हाई, मी सांगतो."

माझा प्रश्न फिल्ममध्ये तसाच ठेवला आहे. आवाज फार बारीक आला होता, तेवढा वाढवून घेतला.